पेन्सिलीने लिहिलेलं नाव

समज, तुला एक विहीर दिसते आहे. पोर्तुगाल नावाच्या देशातल्या एका खेड्यातली, सात-आठशे वर्षांपूर्वीची. डोळे मिटलेस तर बरं, नाही मिटलेस तरी चालेल. खेडं लहान आहे, तीस-चाळीस घरांचं, आणि त्यातल्या सहा घरांत जोआंव नावाचा माणूस आहे. विहिरीवरून कुणी ‘जोआंव’ अशी हाक मारली की सहा जण मागे वळून बघतात. मग गावाने काय करावं? गावाने सोपं केलं. नदीकडचा जोआंव, लोहार जोआंव, आणि ज्याच्या दारात नाशपातीचं झाड आहे तो नाशपातीवाला जोआंव. त्यांच्या भाषेत नाशपातीच्या झाडाला ‘परेइरा’ म्हणतात. आपल्याकडे येईपर्यंत त्याचं परेरा झालं.

पुढे झाड वठलं, दार पडलं, जोआंव गेला. पण त्याच्या नातवंडांना लोक परेराच म्हणत राहिले. आपल्याकडे नाहीत का फणसे, पिंपळे, जांभळे? त्यांच्याही कुठल्या तरी पणजोबाच्या दारात एखादं झाड असेल.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेव. नाशपातीची झाडं एकाच खेड्यात नव्हती. शेजारच्या खेड्यातही होती, डोंगरापलीकडेही होती. तिथेही कुणी ना कुणी परेरा झालं. म्हणजे आडनाव एक असलं तरी सगळे परेरा एका घरचे नव्हेत. या गोष्टीतल्या रेणूने नेमकं हेच लक्षात घेतलं नव्हतं.

पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगालची जहाजं निघाली आणि त्यांच्याबरोबर हे आडनावही निघालं. ते ब्राझीलला गेलं, श्रीलंकेला गेलं, आणि गोव्यात आलं, जिथे नाशपाती उगवत नाही. गोव्यात कुणी ख्रिस्ती झालं की डोक्यावर पाणी घालून नवं नाव ठेवायचे. त्याला बाप्तिस्मा म्हणतात. त्या वेळी शेजारी एक धर्मपिता उभा राहायचा, ‘या मुलाकडे मी बघेन’ असं सांगायला. पुष्कळदा त्याचंच आडनाव मुलाला मिळायचं, नाहीतर पाद्रीबाबांचं. असं करत करत गोव्यातून हे आडनाव आगगाडीबरोबर देशभर फिरलं, कारण रेल्वेला स्वयंपाकी हवे होते, कारकून हवे होते, तारवाले हवे होते. शेवटी ते आपल्या हैदराबादेत आलं आणि तारनाक्याच्या एका चार मजली इमारतीत तळमजल्याच्या दारावर पितळी पाटी होऊन बसलं. पाटीवर लिहिलं होतं: मिस ए. परेरा.

ए म्हणजे अ‍ॅग्नेस. वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होती. लग्न केलं नाही. भावंडं होती, ती गेली. इमारतीतली सगळी मुलं तिला ग्रॅनी म्हणायची.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रेणू आगाशे राहायची. तिचे आईबाबा, मेधा आणि अभिजीत, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून आले तेव्हा रेणू चार वर्षांची होती. आता ती सहावीत होती. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, आणि खाली खेळायला गेली की इथली दख्खनी हिंदी. मराठी वाचताना ती अडखळायची, पण तिचं अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. मराठी असो की इंग्रजी.

या अक्षरामुळे तिला घरात एक मोठा मान मिळाला होता. पुण्याला अनिल आजोबांकडे आगाशे घराण्याचा कुलवृत्तांत होता. कुलवृत्तांत म्हणजे एका घराण्यातल्या सगळ्या माणसांची नावं असलेला जाडजूड ग्रंथ. पहिल्या पानावर मूळ पुरुष, म्हणजे ज्याच्यापासून घराणं सुरू झालं तो, आणि खाली त्याची मुलं, नातवंडं, पतवंडं. ग्रंथ छापून चाळीस वर्षं झाली होती. त्यानंतर जन्मलेल्यांची नावं आजोबा शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहायचे. दरवर्षी दसऱ्याला ग्रंथ बाहेर निघायचा, त्याला गंधफूल वाहिलं जायचं, आणि वर्षभरातली नवी नावं त्यात चढायची. आजोबांचा हात कापायला लागल्यापासून हे काम रेणूकडे आलं होतं.

आजोबांचा एक नियम होता. “पेन्सिलीचं ते कच्चं,” ते सांगायचे. “कुणी सांगितलं, पत्रात वाचलं, पण खात्री नाही, ते पेन्सिलीने. दसऱ्याच्या आत खात्री झाली तर शाई. नाही झाली तर सरळ खोडायचं. ग्रंथात गाळ ठेवायचा नाही.”

या दसऱ्याला रेणूने तीन नावं शाईने लिहिली आणि दोन खोडली. आजोबांनी तिला स्वतःचं निळ्या शाईचं पेन दिलं. ते घेऊन ती हैदराबादला परत आली, आणि शाळा उघडल्या उघडल्या वर्गातल्या मॅडमनी प्रोजेक्ट दिलं: एका आडनावाचा प्रवास. स्वतःचं आडनाव घ्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं. नकाशावर रंगीत दोरे लावून दाखवायचं.

रेणू धावतच तळमजल्यावर गेली.

“ग्रॅनी, तुम्हारे नाम पे प्रोजेक्ट करूं?”

ग्रॅनी खिडकीजवळ बसून लसूण सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू होता. लसूण ती बोटांनीच बघायची.

“मेरे नाम पे? कायकू? राजा-रानी के नामां खतम हो गए क्या?”

“मॅडम बोले, खुद का नक्को, दूसरे का करो.”

“और पूरे तारनाके में तेरेकू मैंच मिली,” ग्रॅनी म्हणाली, पण ती खूश झाली होती. लसूण बाजूला ठेवून, हात धुऊन ती आत गेली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक घेऊन आली. बायबल होतं. मधोमध चार कोरी जाड पानं होती, घरातल्या माणसांची नावं लिहिण्यासाठी मुद्दाम ठेवलेली.

“मेरे दादा के बाप का है ये. संभालके, हां. नीचे रखी तो भी कपडे पे रखना.”

“हौ, ग्रॅनी.”

“और चाय पीते पीते नक्को पढना.”

“मैं चाय नहीं पीती, ग्रॅनी.”

“तो बूस्ट पीते पीते नक्को पढना.”

रेणूने पुस्तक घरी नेलं, टेबलावर टॉवेल पसरून त्यावर ठेवलं आणि ती पानं उघडली. बघते तर काय, हा तर लहानसा कुलवृत्तांतच. नावाखाली नाव, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईंनी. तपकिरी झालेली शाई, काळी शाई, बॉलपेन. अँटनी परेरा, त्याचा मुलगा जोसेफ, त्याचा मुलगा लॉरेन्स, आणि त्यांच्या बायका, भाऊ, बहिणी. सगळ्यात खाली अ‍ॅग्नेस. त्याच्या खाली काही नव्हतं.

पण सगळ्यात वर, अँटनीच्याही वर, इंग्रजी अक्षरांत एक नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बालम्मा. एवढंच. ना आडनाव, ना तारीख.

रेणूने विचार केला. इतर सगळी नावं शाईची, हे एक पेन्सिलीचं. म्हणजे कच्चं. शिवाय ते परेरा नाव नव्हतंच. बालम्मा तर तेलुगू नाव. परेरा आले पोर्तुगालहून, मग त्यांच्या डोक्यावर बालम्मा कुठून येईल? कुणीतरी काहीतरी लिहून पाहिलं असेल आणि खोडायचं राहिलं असेल. आणि मूळ पुरुषाची जागा तर रिकामीच होती.

तिने कॉम्प्युटरवर शोधलं. आडनावांची माहिती देणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटवर तिला परेरांचा एक मूळ पुरुष मिळाला. ढाल-तलवार, पिसांची टोपी, आणि नाव जोआंव परेरा. खाली छापलं होतं की हाच जगातल्या सगळ्या परेरांचा पूर्वज. छापलेलं होतं, म्हणजे खात्री झाली.

तिने खोडरबर घेतलं. बालम्मा सहज निघेना. अक्षरं कागदात खोल रुतली होती. रेणूने कागदाला लव येईपर्यंत घासलं. मग पान फुंकून साफ केलं, आजोबांचं पेन उघडलं आणि आपल्या सुंदर अक्षरात त्या जागेच्या वर लिहिलं: जोआंव परेरा, पोर्तुगाल, मूळ पुरुष. इंग्रजीत लिहिलं, कारण ग्रॅनीला मराठी येत नव्हती.

पान किती पूर्ण दिसत होतं. तिला फार बरं वाटलं. ग्रॅनीला मात्र तिने सांगितलं नाही. नोव्हेंबरात ग्रॅनीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डोळा उघडला की तिला पहिल्यांदा हेच दिसावं, भेट म्हणून, असं रेणूने ठरवलं. पुस्तक पुन्हा अभ्र्यात घालून तिने खाली नेऊन दिलं.

प्रोजेक्ट वर्गात पहिलं आलं. पोर्तुगालपासून तारनाक्यापर्यंत लाल दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला पिसांच्या टोपीतला जोआंव. मॅडमनी तो तक्ता जिन्याजवळच्या भिंतीवर लावला.

दोन नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा आपल्या मेलेल्या माणसांची आठवण करण्याचा दिवस. आपला पितृपक्ष असतो ना, तसा. त्या सकाळी ग्रॅनीने रेणूला बोलावलं. ग्रॅनी धुतलेल्या साडीत खुर्चीवर बसली होती, समोर मेणबत्ती होती, मांडीवर ते पुस्तक.

“हर साल मैं पढती,” ती म्हणाली. “सब के नामां. फिर कब्रस्तान जाती. इस साल अक्षर नहीं दिखरे. तू पढ. तेरी आवाज अच्छी है.”

रेणूने पुस्तक घेतलं. आताच भेट उघडणार म्हणून तिला हसू फुटत होतं.

“ऊपर से शुरू कर,” ग्रॅनी म्हणाली. “पहले वो पेन्सिल वाली. सबसे पहले वोईच.”

रेणूचं हसू जागच्या जागी थांबलं.

“क्या हुआ? दिखरा नहीं?”

रेणूने पानाकडे पाहिलं. निळी शाई चमकत होती.

“फीका पड गया होयेंगा,” ग्रॅनी म्हणाली. “नहीं दिखरा ना?”

आता बघ, इथे रेणूला दोन वाटा होत्या, आणि खरी वाट तिला दिसत होती. पण तोंडातून दुसरंच आलं.

“हौ, ग्रॅनी. नहीं दिखरा.”

मेणबत्तीची वात एका बाजूला वाकली होती. ती सरळ करायला कुणीच उठलं नाही.

“मेरी गलती,” ग्रॅनी शेवटी म्हणाली. “तीन साल से सोच रही, ऊपर से पेन्सिल फिराना है, फिराना है. आंखां का बहाना करके बैठ गई मैं.”

मग तिने रेणूला ती गोष्ट सांगितली. तिच्या बोलीत सांगितली. मी तुला आपल्या बोलीत सांगतो.

दीडशे वर्षांपूर्वी सिकंदराबादेला रेल्वेची लाइन टाकत होते. त्या कामावर बालम्मा नावाची एक बाई मातीच्या पाट्या वाहायची. पटकीची साथ आली आणि ती गेली. मागे पाच वर्षांचा मुलगा राहिला. त्याला गाव सांगता येईना, बापाचं नाव माहीत नव्हतं, आडनाव म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आईचं नाव सांगता यायचं. रेल्वेच्या साहेबाकडे गोव्याचा एक स्वयंपाकी होता, परेरा नावाचा. त्याने मुलाला घरी नेलं, खाऊपिऊ घातलं, बाप्तिस्म्याला त्याचा धर्मपिता म्हणून उभा राहिला आणि आपलं आडनाव दिलं. तो मुलगा म्हणजे अँटनी परेरा.

स्वयंपाकी भला माणूस होता, पण जुन्या वळणाचा. अँटनी मोठा झाला, त्याने स्वतःचं बायबल घेतलं आणि पहिल्या ओळीत आईचं नाव लिहायला निघाला, तेव्हा म्हातारा म्हणाला, तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता, शाईने लिहू नकोस. अँटनीने वचन दिलं, शाईने लिहिणार नाही. आणि पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिल पुसट होते. म्हणून मरताना त्याने मुलाला सांगितलं, ती ओळ पुसट झाली की पुन्हा गिरव. वचन शाईचं होतं. पेन्सिल किती वेळा फिरवायची, यावर काही बोलणं झालं नव्हतं.

जोसेफने गिरवलं. लॉरेन्सने गिरवलं. मग अ‍ॅग्नेसने, दोनदा.

“उसका फोटो नहीं,” ग्रॅनी म्हणाली. “कबर नहीं. घर नहीं. उसका जो कुछ है बोले तो वो एक लाइन थी. मेरे हाथ से गई.”

“तुम्हारे हाथ से नहीं, ग्रॅनी,” रेणू कशीबशी म्हणाली.

“तो फिर किसके? चल, पढ. बालम्मा मैं बोल दी. आगे का तू पढ.”

रेणूने जोआंवची ओळ गाळली आणि अँटनीपासून वाचायला सुरुवात केली. अकरा नावं होती. प्रत्येक नावानंतर ग्रॅनी हळू आवाजात काहीतरी म्हणायची. रेणूला वाटत होतं, अकरा संपूच नयेत. संपली की ग्रॅनी तिला शाबासकी देणार. आणि तसंच झालं. ग्रॅनीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या मुठीत दोन चॉकलेटं कोंबली. ती रेणूने खाल्ली नाहीत. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ती वितळून गेली.

त्यानंतरचे दिवस रेणूला फार जड गेले. शाळेत वर्गात जायला जिन्याजवळूनच वाट होती. तिथे जोआंव पिसांची टोपी घालून उभा. रेणू दुसऱ्या बाजूचा जिना चढायला लागली, आणि उशीर झाला म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. इमारतीतही ती तळमजल्यावरून पाय न वाजवता जायची. तरी ग्रॅनीला कळायचंच. “रेणू, तू क्या?” अशी हाक यायची, आणि रेणू जिन्यात श्वास रोखून उभी राहायची.

एके दिवशी जेवताना आई बाबांना म्हणाली, “खालच्या अ‍ॅग्नेसबाईंचं काहीतरी बिनसलंय. आज जिन्यात माझा हात धरून रडल्या. कुठलं तरी जुनं नाव पुसलं गेलं म्हणे, त्यांनी लक्ष दिलं नाही म्हणून. चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांपुढेसुद्धा कबूल करून आल्या, माझ्या हातून मोठा अपराध झाला म्हणून.”

“या वयात माणसं हळवी होतात,” बाबा म्हणाले. “सोमवारी ऑपरेशनला मीच सोडतो त्यांना. रेणू, भात का चिवडतेस?”

“पोट भरलं,” रेणू म्हणाली.

तिच्या मनात सारखं एकच येत होतं. मी केलं, आणि माफी ती मागते आहे. तीही देवाकडे.

शनिवारी तिने एक युक्ती केली. टोक काढलेली पेन्सिल खिशात घालून ती खाली गेली. ग्रॅनी स्वयंपाकघरात होती. रेणूने अभ्रा सोडवला, पान उघडलं, पेन्सिल कागदाला टेकवली. सात अक्षरं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग म्हणायचं, ग्रॅनी, नीट बघितलं तर दिसतंय की. ग्रॅनीला दिसत तर नव्हतंच.

पण मग ग्रॅनी आनंदाने रडली असती, रेणूला आणखी दोन चॉकलेटं मिळाली असती, आणि तीही वितळली असती. रेणूने पेन्सिल परत खिशात घातली.

त्या संध्याकाळी तिने पुण्याला फोन लावला.

“आजोबा, पेन्सिलीचं नेहमी कच्चंच असतं का?”

“आपल्या ग्रंथात हो.”

“आणि दुसऱ्यांच्या?”

“दुसऱ्यांच्या वहीत त्यांचा नियम. त्यांना विचारायचं.” मग आजोबांनीच विचारलं, “काय खोडलंस?”

 

“आणि शाईने चुकीचं लिहिलं गेलं तर?” तिने विचारलं.

“आपल्या ग्रंथाचं शेवटचं छापील पान बघितलं आहेस?”

“शुद्धिपत्र?”

“तेच. सत्तेचाळीस चुका आहेत त्यात. कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, काय चुकलं, काय हवं. त्यातल्या नऊ माझ्या आहेत. पान फाडून टाकता आलं असतं. पण मग पुढच्या माणसाला खरं कुठून कळणार?”

रविवारी दुपारी रेणू खाली गेली. ग्रॅनी दवाखान्याची पिशवी भरत होती. रेणूने दारातच उभं राहून सांगितलं, कारण खुर्चीवर बसले तर तोंड उघडणार नाही, हे तिला माहीत होतं.

“ग्रॅनी, वो नाम फीका नहीं हुआ था. अच्छा दिखरा था. मैं मिटाई. रबर से.”

ग्रॅनीचे हात पिशवीत थांबले.

“पेन्सिल का था तो मैं समझी कच्चा है. हमारे घर में ऐसाच करते. और उसके ऊपर मैं दूसरा नाम लिखी, जोआंव परेरा, पोर्तुगाल वाला. पेन से. और उस दिन तुम पूछे तो मैं झूठ बोली.”

सगळं बोलून झालं. बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला.

“किताब ला,” ग्रॅनी म्हणाली.

रेणूने पुस्तक दिलं. ग्रॅनीने पान उघडलं आणि वरच्या ओळीवरून तर्जनी फिरवली. शाईवर बोटाला काही लागलं नाही. मग बोट थोडं खाली आलं, लव आलेल्या जागेवर. तिथे ते थांबलं. मग हळूहळू सरकलं, थांबलं, वळलं, पुन्हा सरकलं. चार माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षं जोर देऊन गिरवलेली अक्षरं होती ती. शिसं गेलं होतं, पण कागदातली खाच तशीच होती.

ग्रॅनीने बराच वेळ बोट उचललं नाही.

“आठ दिन,” ती म्हणाली. “आठ दिन मैं खुद को कोस रही. तू रोज मेरे दरवाजे के सामने से गई.”

“हौ.”

“अब जा. मेरेकू अभी तेरे से बात नहीं करना.”

रेणू गेली. तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की लगेच हलकं वाटतं. तसं काही झालं नाही. रात्री तिने आईबाबांनाही सगळं सांगितलं. आई रागावली. बाबा एवढंच म्हणाले, “सकाळी साडेसातला निघायचं आहे त्यांना घेऊन.”

सोमवारी सात वाजता रेणू तळमजल्यावर उभी होती. अंगावर शाळेचे कपडे, एका हातात आजोबांचं पेन, दुसऱ्या हातात पेन्सिल. तिने बेल वाजवली. ग्रॅनीने दार उघडलं.

“मैं बोली थी ना, बात नहीं करना.”

“बात नहीं करती, ग्रॅनी. लिखना है. तुम हौ बोले तो.”

“और क्या लिखेंगी अब? नेपोलियन का नाम?”

रेणूने शुद्धिपत्राबद्दल सांगितलं. ग्रॅनीने ऐकून घेतलं, मग बाजूला सरकून तिला आत येऊ दिलं. टेबलावर टॉवेल पसरून रेणूने पुस्तक उघडलं आणि आपल्या ओळीच्या शेजारी, समासात, लहान अक्षरात इंग्रजीत लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: वरचं नाव या घराचं नाही. ते मी, रेणू अभिजीत आगाशे, न विचारता लिहिलं. त्याच्या खाली बालम्मा हे नाव होतं. ते मी खोडलं. खाली तारीख.

“पूरा नाम लिखी?”

“हौ.”

“स्याही से?”

“हौ.”

“तो तू भी आ गई हमारी किताब में,” ग्रॅनी म्हणाली. ती हसली नाही.

“जोआंव को काटूं?”

“रहने दे उसे. बिन बुलाया मेहमान है, बैठा है तो बैठने दे. इत्ते साल उसीच के झाड का नाम लेके फिर रहे हम.” तिने खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली. “पेन्सिल ला.”

रेणूने पेन्सिल तिच्या हातात दिली. बाहेर बाबांनी गाडी सुरू केल्याचा आवाज आला. ग्रॅनीने पेन्सिल धरली, कागदावर हात आणला, पण टोक कधी इकडे, कधी तिकडे जाऊ लागलं. खाच बोटाला सापडत होती, पेन्सिलीला सापडत नव्हती.

“आंख खुलने के बाद लिखो ना, ग्रॅनी,” रेणू म्हणाली. “चार दिन की बात है.”

“तीन साल से यहीच बोल रही मैं.”

तेव्हा रेणू खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने ग्रॅनीचा हात आपल्या हातात धरला, पेन्सिलीचं टोक पहिल्या अक्षराच्या खाचेत नीट टेकवलं, आणि मग आपला हात काढून घेतला.